भट्ट्या विझल्यावर जे ऐकू आलं

अग्नीच्या शोधामुळे माणूस माणूस झाला, असे ठासून सांगणारे ग्रंथ जगात मुबलक आहेत. ते लिहिणाऱ्या विद्वानांपैकी एकानेही अख्ख्या शाळेचा भात भट्टीवर शिजवलेला नसावा, अशी शंका घ्यायला मात्र पुरेशी जागा आहे. ज्योतीचे वर्णन करताना त्यांची लेखणी जी मऊ पडते, ती बहुधा ज्योतीपासून राखलेल्या अंतरामुळे.

ज्या शाळेच्या स्वयंपाकघरात ही हकीकत घडली, तिथे ज्योत हा काव्याचा विषय नव्हता. तिथे ज्योत म्हणजे आवाज. भिंतीलगत ओळीने मांडलेल्या गॅसच्या भट्ट्या सकाळी पेटल्या की त्यांचा घोंघावणारा गजर दुपार उलटेपर्यंत थांबत नसे. वरचा एक्झॉस्ट पंखा, ज्याचे एक पाते कोणाच्याही आठवणीआधीपासून वाकलेले होते, त्यात आपली खडखड मिसळत राही. या दोन आवाजांच्या वर तिसरा आवाज होता तो मुख्य स्वयंपाकिणीचा, आणि तो वरचढ होता म्हणूनच ती मुख्य स्वयंपाकीण होती. शाळेत सगळे तिला भोंगा म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, कारण त्या खोलीत तोंडावर बोललेलेही पाठीमागे बोलल्यासारखेच होते; ऐकू काहीच येत नसे.

स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यामधल्या भिंतीत वाढपाची रुंद खिडकी होती. तिच्या बाहेरचा कोपरा ही शाळेतली सर्वांत सुरक्षित जागा समजली जाई. ज्याला दुसऱ्याविषयी काही बोलायचे असे, तो आपला श्रोता घेऊन तिथे येई. कुणाची बढती कशी झाली, कुणाचे लग्न का मोडले, निरीक्षक आले की कोणत्या वह्या पुढे करायच्या, हे सारे त्या खिडकीच्या चौकटीला टेकून बोलले जाई. आतल्या बायकांना हलणारे ओठ दिसत. त्यापलीकडे भट्ट्यांचा गजर.

"ही माणसं आपल्याला भिंत समजतात गं!" भोंग्याने एकदा आपल्या जावेला ओरडून सांगितले होते.

"काय?" जाऊ तिकडून ओरडली.

"काही नाही! मीठ बघ!"

ही जाऊ म्हणजे तिच्या धाकट्या दिराची बायको. घरात तिला धाकटी म्हणत आणि कामावरही तेच नाव चिकटले. भोंग्यानेच तिला या नोकरीला लावले होते. दोघी एकाच ओट्यावर वर्षानुवर्षे उभ्या राहिल्या, एकीने भात सांभाळला, दुसरीने भाजी, आणि एवढ्या काळात कामाच्या वेळी दोघींत जे संभाषण झाले, त्यातले निम्मे "काय?" आणि उरलेले निम्मे "काही नाही!" असे होते. तिसरे होते भांडीवाले काका. तीन वेळा निवृत्त झाले होते आणि तिन्ही वेळा घरच्या शांततेला कंटाळून परत आले होते.

मुख्याध्यापिका बाईंनी मनावर घेतले आणि एका सत्रापुरते स्वयंपाकघर विजेवर न्यायचे ठरले. शाळेच्या व्यवस्थापन मंडळाच्या अध्यक्षांनी या ठरावाला संमती दिली, पण ती देताना त्यांनी ज्योतीवर शिजलेल्या अन्नाच्या आत्म्याविषयी बरेच काही सांगितले. शाळेच्या वार्षिक अंकात या विषयावर त्यांचा लेखही होता. आपल्या हयातीत ते स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आत आल्याचे कुणाला आठवत नव्हते. चष्म्यावर वाफ धरते, अशी त्यांची तक्रार होती. भट्ट्या पुरवणारा आणि दुरुस्त करणारा कंत्राटदार हा त्यांचा साडू होता, ही गोष्ट त्या लेखात नव्हती. लेखाला शब्दमर्यादा असते.

ठरावात त्यांनी दोन कलमे घातली. पहिले काटकसरीचे: विजेची जोडणी बाईंनी मागितली होती तेवढी न घेता तिच्याहून बारीक घ्यावी. दुसरे सावधगिरीचे: सत्राच्या शेवटी पालकांसमोर जाहीर जेवण व्हावे, आणि त्या दिवशी कामात खंड पडल्यास भट्ट्या पूर्ववत बसवाव्यात. तोवर भट्ट्या मागच्या पडवीत ताडपत्रीखाली ठेवल्या गेल्या. त्यांची विल्हेवाट लावायची कुणाला घाई नव्हती.

पहिल्या सकाळी भोंगा आत आली आणि तिच्या हातांनी सवयीने आजवर जे केले होते तेच केले. भट्ट्यांच्या काळात कामाची सुरुवात एकाच रीतीने होई: काडी ओढायची आणि ओळीतली एकूण एक भट्टी एका दमात पेटवून मोकळे व्हायचे, पातेली चढतील तेव्हा चढतील. तिने पाण्याने भरलेली नवी पोलादी पातेली विजेच्या शेगड्यांवर मांडली आणि ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत एकेक बटण थेट शेवटपर्यंत फिरवले. शेवटच्या शेगडीपाशी ती पोचली, तेव्हा कुठेतरी 'टक्' असा छोटा, सभ्य आवाज झाला आणि सबंध शाळेतली वीज गेली. कॉम्प्युटरच्या खोलीतून पोरांचा जयघोष ऐकू आला.

वायरमन आला, पेटी उघडून बघितली, आणि म्हणाला, "ताई, हा मेंढरांचा कळप नाही दार उघडून एकदम सोडायला. ही तार बारीक आहे. एकीला पाजा, मग दुसरीला. सगळ्या एकदम प्यायला बसल्या की मेन पडणारच."

"मग एवढी बारीक तार कुठल्या शहाण्यानं घेतली?"

"ते वर विचारा. मी खालचा माणूस."

तिने दुसरी चूक त्याच्यासमोरच केली. उतू जाणारे पातेले शांत करायला ज्योतीवरून उचलून धरायचे, ही तिची जन्माची सवय. तिने दूध उचलले. शेगडी चिवचिवली, डोळे मिचकावल्यासारखी तिच्या दिव्याची उघडझाप झाली आणि ती गप्प झाली.

"मेली!" भोंगा म्हणाली.

"मेली नाही, झोपली," वायरमन हसला. "वर भांडं नसेल ना, तर ही वीज ओढतच नाही. बटण कितीही फिरवा. ठेवा बघू परत."

दूध परत ठेवले आणि शेगडी जागी झाली.

"म्हणजे पातेलं उचललं की रुसते आणि ठेवलं की नांदते," काका म्हणाले. "आमच्या घरात नेमकं उलटं आहे."

चुकांनी शिकवले ते आठवडाभरात अंगवळणी पडले. भात आधी, तो वाफेवर आला की त्याचे बटण उतरवायचे आणि सूपचे चढवायचे. सूप उकळले की भाजी. तोवर भात मुरलेला. ज्या कामाला पूर्वी धावपळ म्हणत, त्याला आता क्रम आला. पण एक सवय मात्र कुणालाही सुटेना. खोलीत आता शेगड्यांची बारीक गुणगुण तेवढी होती आणि या लोकांचे गळे अजून भट्ट्यांशीच भांडत होते. एक दिवस भूगोलाचे सर खिडकीपाशी येऊन उभे राहिले.

"भोंगाताई, मी वर वाळवंट शिकवतोय."

"शिकवा की! आम्ही कुठं अडवलंय?"

"तसं नाही. मी म्हटलं, इथे मैलोन्मैल काहीही उगवत नाही, आणि खालून आवाज आला, 'अगं भवाने, कांदा करपला!' आता वर्ग आवरत नाही मला."

भोंग्याने त्या दिवसापुरते तोंड मिटले. इतरांनीही मिटले. आणि तशा त्या नव्या, अनोळखी शांततेत तिला एक शिट्टी ऐकू आली. बारीक, सलग, थोडी चढणारी आणि थोडी उतरणारी.

"काका, कुठली तरी शेगडी शिट्टी मारतेय."

काकांनी कान टवकारले. दोघे ओळीने प्रत्येक शेगडीपाशी वाकले. तिने एकेक बटण बंद केले. सगळ्या शेगड्या झोपल्या आणि शिट्टी चालूच राहिली. मग भोंगा तिचा माग काढत ओट्याच्या टोकाशी गेली. तिथे धाकटी गाजरे चिरत उभी होती. शिट्टी तिच्या छातीतून येत होती.

भोंग्याच्या हातातले फडके तसेच राहिले. "कधीपासून गं?"

"भट्ट्या होत्या तेव्हापासूनच, जाऊबाई. तुम्हाला ऐकू येत नव्हती इतकंच."

"आणि डॉक्टर?"

"दाखवलं. म्हणाले, ज्योतीपुढं उभं राहणं बंद. नाहीतर पुढच्या खेपेला पायांनी येऊ नका, झोळीतून या." धाकटीने सुरी पुसली. "मी म्हटलं, भट्ट्या गेल्याच आहेत. आता कमी आहे, खरंच. रात्री झोप लागते."

"आणि त्या परत आल्या तर?"

धाकटीने पुसलेली सुरी पुन्हा पुसली. शिट्टी तेवढी वाजत राहिली. "मग मला जावं लागेल. घरी बसले तर श्वास राहील, जाऊबाई. पण मी राहायची नाही. दिवसभर त्या चार भिंतींकडे बघत काय करू? मी इथली आहे."

एखाद्या माणसाच्या शेजारी अर्धे आयुष्य उभे राहावे आणि त्याचा श्वास फाटत असताना आपण मीठ बघायला सांगत असावे, हे कळायला भोंग्याला एक शांत खोली लागली. तिला राग आला. तो विजेचा नव्हता, गॅसचा नव्हता, स्वतःचाही फारसा नव्हता. आपल्याला या गजरात उभे करून, बाहेर खिडकीला टेकून, अन्नाच्या आत्म्याविषयी बोलणाऱ्या सगळ्या नीटनेटक्या माणसांचा तो राग होता. राग आला की ती एरवी ओरडत असे. या खेपेला ओरडली नाही. थंड राग तिला नवा होता आणि त्याला आवाज लागत नाही, हेही.

त्या दिवसापासून भोंग्याला जाहीर जेवणाचा ध्यास लागला. त्या दिवशी मेन पडला नाही, तर धाकटी इथे राहील. पडला, तर नाही. एवढे साधे होते ते.

जेवणाच्या आदल्या दिवशी, दुपारची भांडी घासून झाल्यावर, तिघे खाली बसून उद्याचे बटाटे सोलत होते. शेगड्या बंद होत्या. ओट्यामुळे बाहेरून कुणी दिसत नव्हते. खिडकीपाशी पावले वाजली, चौकटीवर कुणाचे तरी कोपर टेकले आणि अध्यक्षांचा आवाज आला. गजरावर मात करायची जुनी सवय असलेला, खणखणीत.

"उद्या काळजी करू नकोस. पालकांसमोर मी स्वतः आत जाणार आणि सगळ्या शेगड्या एकदम फुल करायला लावणार. उद्घाटन म्हण."

"आणि ती बाई नको म्हणाली तर?" हा साडू.

"नको म्हणाली तर पाहुण्यांदेखत कबूल केल्यासारखंच, की यंत्र लेचंपेचं आहे."

"पण मेन नक्की पडेल?"

"अरे, जोडणी मीच मंजूर केलीय. मला ठाऊक नसणार? भात कच्चा, पालक उपाशी, पोरं कावलेली. संध्याकाळपर्यंत तुझ्या भट्ट्या जागेवर. तू फक्त या शेगड्या न्यायला टेम्पो आणि माणसं तयार ठेव."

"हळू बोला हो, आत बायका असतील."

"असू देत की! त्या खोलीत स्वतःचं स्वतःला ऐकू येत नाही. इतकी वर्षं इथेच तर बोलतोय आपण."

भोंग्याचा श्वास वर चढला. तो गळ्याशी पोचायच्या आत धाकटीने तिचे मनगट धरले आणि मान हलवली: नको. बाहेर पावले लांब गेली. भोंग्याच्या हातातला बटाटा सोलून सोलून गोटीएवढा झाला होता.

काका सर्वांत आधी भानावर आले. "म्हणजे याआधीचंही सगळं हे लोक इथंच बोललेत! अरेरे. एवढी वर्षं पुढच्या रांगेत बसून एवढी नाटकं आपण बहिऱ्यासारखी बघितली!"

मुख्याध्यापिका बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि त्या पांढऱ्याफटक पडल्या. "मी आत्ताच्या आत्ता मंडळाला कळवते. त्यांना आत येऊच द्यायचं नाही."

"येऊ द्या, बाई," भोंगा म्हणाली.

"अहो, पण ते बटणं फिरवणार!"

"फिरवू द्या. हौस असते एकेकाला." मग तिने वायरमनला बोलावून एकच प्रश्न विचारला, आणि त्याने हसत मान डोलावली. "उद्या आपण सगळे लवकर यायचं. एकेक करून सगळं शिजवायचं, रोजच्यासारखं. शिजलं की ऊब धरणाऱ्या डब्यांत भरून झाकणं घट्ट. साहेब येतील तेव्हा शेगडीवर एक भांडं दिसता कामा नये."

धाकटीने आधी जावेकडे पाहिले, मग झोपलेल्या शेगड्यांकडे, आणि तिला इतके हसू आले की शिट्टी आणि हसणे एकमेकांत अडकले.

दुसऱ्या दिवशी जेवणघर भरून वाहत होते. पालक, शिक्षक, मंडळाचे सभासद, आणि खिडकीसमोरच्या लांब बाकांवर ताटे घेऊन बसलेली मुले. अध्यक्षांनी भाषण केले. त्यात आदिमानव आला, गुहा आली, गुहेच्या तोंडाशी पेटलेली पहिली ज्योत आली. त्या ज्योतीपाशी कोण राबत होते, हा मुद्दा वेळेअभावी राहून गेला. मग ते म्हणाले, "पण आम्ही नव्याचे शत्रू नाही! या नव्या स्वयंपाकघराची शक्ती आपण सर्वांच्या साक्षीने बघू या. सगळ्या शेगड्या, एकाच वेळी, पूर्ण ताकदीने!"

टाळ्या पडल्या. साडू दाराशी उभा होता. त्याच्या मागे फाटकात रिकामा टेम्पो दिसत होता.

अध्यक्ष आयुष्यात पहिल्यांदा तो उंबरा ओलांडून आत आले. चष्म्यावर वाफ धरली नाही. धरण्यासारखी वाफ नव्हतीच. ओटा लखलखीत होता. भोंगा, धाकटी आणि काका हात बांधून, लग्नाच्या फोटोतल्यासारखे ओळीने उभे होते. खिडकीबाहेर शंभर मुंडकी दाटली होती.

"या साहेब," भोंगा म्हणाली. "तुमच्याच हातानं होऊ द्या."

अध्यक्षांनी पहिले बटण फिरवले, थेट शेवटपर्यंत. दुसरे फिरवले. ते ओळीने पुढे जाऊ लागले आणि दर पावलागणिक त्यांची नजर वरच्या दिव्याकडे जाऊ लागली. शेवटचे बटण फिरवून ते थांबले. त्यांनी खांदे किंचित आक्रसून घेतले, फटाका वाजायच्या आधी माणूस घेतो तसे.

फटाका वाजला नाही. वरचा दिवा शांतपणे जळत राहिला. शेगड्या मात्र पहाटेच्या चिमण्यांसारख्या एका सुरात चिवचिवू लागल्या, आणि मग एकामागून एक पुन्हा झोपी गेल्या. बाहेर एक मुलगी खुदकन हसली आणि ते हसू बाकांवरून पार दारापर्यंत गेले.

"हे काय?" अध्यक्ष म्हणाले.

"हात ठेवा ना साहेब वर. ठेवा, भाजत नाही." तिने स्वतःचा तळवा शेगडीवर सपाट ठेवून दाखवला. "भांड्याशिवाय ही वीज पीत नाही. शहाणी आहे. ज्याला शिजवायचंच नाही, त्याच्यासाठी जळत बसत नाही."

"मग भांडी ठेवा! सगळी! एकदम!" अध्यक्षांचा आवाज वर चढला. भट्ट्यांच्या काळात तो कुणाला ऐकूही गेला नसता. आता तो जेवणघराच्या टोकापर्यंत गेला आणि तिथल्या भिंतीवर आपटून परत आला. मुलेसुद्धा गप्प झाली.

भोंग्याने आपला आवाज उतरवला. इतकी वर्षे तिने तो चढवत नेला होता. किती खाली जातो हे तिचे तिलाही ठाऊक नव्हते. ती जवळजवळ कुजबुजली, आणि खोलीतल्या प्रत्येकाने तो शब्दन् शब्द ऐकला.

"एकदम कशाला, साहेब? मेन पडावा म्हणून?"

अध्यक्षांनी दाराकडे, साडूकडे पाहिले.

"काल या खिडकीपाशी तुम्हीच म्हणालात ना साडूंना. 'जोडणी मीच मंजूर केलीय, मला ठाऊक नसणार?' आणि म्हणालात, भात कच्चा, पालक उपाशी, संध्याकाळपर्यंत भट्ट्या जागेवर." तिने बाहेर पाहिले. "टेम्पो आलाय, साहेब. वेळेवर आलाय."

"खोटं! इथे... इथे कधी काही ऐकू येत नाही!"

हे वाक्य त्यांनी गिळायला हवे होते. ते बाहेर पडले आणि त्याने सगळे काम करून टाकले. कारण खोटे बोलणारी बाई आणि ऐकू न येणारी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण दुसरीवर विसंबलो होतो, हे त्यांनी शाळेच्या साक्षीने सांगितले होते. पालकांत कुजबुज उठली. दोन-तीन शिक्षक तर अध्यक्षांपेक्षाही फिके पडले. भट्ट्या गेल्यापासून आपण या खिडकीला टेकून काय काय बोललो, ते त्यांना एकेक करून आठवू लागले असावे. भूगोलाचे सर कपाळ पुसत होते.

"सर, तुमचं सांगत नाही," काका त्यांच्या कानाशी म्हणाले. "तुमचं गोड होतं."

मुख्याध्यापिका बाई पुढे आल्या. "अध्यक्षसाहेब, ठरावात लिहिलंय, कामात खंड पडल्यास. खंड कुठे पडलाय?"

"जेवण कुठे आहे?" साडू दारातून ओरडला. "शेगड्या रिकाम्या आहेत! काय वाढणार, हवा?"

एवढ्याचीच वाट होती. भोंग्याने जावेला खूण केली. धाकटीने पहिल्या डब्याचे झाकण उघडले आणि भाताची वाफ खिडकीतून बाहेर झेपावली. दुसऱ्यात गाजर-बटाटा, तिसऱ्यात सूप, शेवटी सकाळी तव्यावर शेकलेले पाव, फडक्याखाली अजून ऊन. त्या वासाने बाकांवरची शांतता मोडली आणि ताटे वाजू लागली. भोंगा आणि काका वाढत राहिले, आणि मधूनच भोंग्याने एक पातेले शेगडीवर ठेवले, मग दुसरे, मग तिसरे, प्रत्येकाची पाळी आल्यावर. दुसऱ्या वाढीचे सूप पालकांच्या डोळ्यांदेखत उकळले. दिवा एकदाही लुकलुकला नाही.

मंडळाने निर्णयासाठी वेगळी बैठक घेतली नाही. तोंडात घास असताना हात वर करणे सोपे जाते. स्वयंपाकघर विजेवरच राहावे, बाईंनी मूळ मागितलेली जोडणी घ्यावी, आणि पडवीतल्या वस्तू आजच्या आज हलवाव्यात. मतमोजणी झाली तेव्हा अध्यक्ष तिथे नव्हते. ते तडक घरी गेले होते, आणि तब्येतीच्या कारणाने पद सोडत असल्याची चिठ्ठी दुसऱ्या दिवशी आली. ज्योतीवरचा लेख पुढच्या अंकात पुन्हा छापावा, अशी सूचना त्यात नव्हती.

साडूने टेम्पो आणि माणसे तयार ठेवली होतीच. त्या माणसांनी ताडपत्री ओढली आणि भट्ट्या एकेक करून उचलून नेल्या, शेगड्या न्यायला आलेल्याच टेम्पोतून. शेवटची भट्टी चढवताना तिचे झाकण निसटून फरशीवर आदळले आणि घणघणत राहिले. काकांनी ते उचलून अदबीने टेम्पोत ठेवले. "हिचं एवढंच बोलायचं राहिलं होतं," ते म्हणाले.

मग स्वयंपाकघरात दोघी जावा तेवढ्या उरल्या. खिडकीपलीकडून मुलांचे जेवण ऐकू येत होते. इतकी वर्षे त्या मुलांसाठी त्यांनी रांधले होते आणि ती मुले जेवताना कशी वाजतात, हे त्यांना ठाऊक नव्हते: चमचे, बाकांची करकर, सूप फुंकण्याचा आवाज, कुणाचे तरी 'तुझं गाजर मला दे', कुणाचे तरी 'शिट्टीवाल्या काकूंना सांग अजून पाव आहे का'. धाकटी हे ऐकून आधी लाजली आणि मग हसली. भोंगा तिच्या हसण्याकडे कान लावून होती. शिट्टी होती अजून. पण बारीक झाली होती, लांब गेलेल्या पाखरासारखी.

"ही माणसं आपल्याला भिंत समजत होती गं," भोंगा हळूच म्हणाली.

"हो," ओट्याच्या दुसऱ्या टोकावरून धाकटी तितक्याच हळू म्हणाली. "पण जाऊबाई, भिंतीनं आज बोलून जो धुरळा उडवला ना, तो बसायला वर्ष जाईल."

भोंग्याला हुंदका आला की हसू, हे कळायच्या आत खिडकीवर ताटांचा खणखणाट झाला. पोरांनी दुसऱ्या वाढीसाठी गिल्ला केला होता. तिने पदर खोचला, डाव उचलला, छाती भरून श्वास घेतला, आणि भट्ट्या गेल्यानंतर पहिल्यांदाच, गरज नसताना, निव्वळ आनंदाखातर, आपला जुना भोंगा पूर्ण ताकदीने वाजवला:

"या रे या! सगळ्यांना पुरेल!"

तो फाटकाबाहेर पडणाऱ्या टेम्पोतही ऐकू गेला.